ईस्ट इंडियन समाजाचे लोकसंगीत आणि उत्तर कोकणची प्रादेशिक ओळख : उत्तन-धारावी परिसराच्या विशेष संदर्भात

प्रास्ताविक

महाराष्ट्राच्या सांस्कृतिक इतिहासाची मांडणी करताना देशावरील कीर्तन, पोवाडा, लावणी आणि वारकरी भजन यांचा परामर्श विस्ताराने घेतला जातो. त्या तुलनेत उत्तर कोकणच्या किनाऱ्यावरील ख्रिस्ती समाजाची गीते अभ्यासकांच्या नजरेआड राहिली आहेत. याची कारणे दोन असावीत. हा समाज स्वतःला ज्या नावाने ओळखतो ते 'ईस्ट इंडियन' हे नाव इंग्रजी आहे. आणि त्याचा धर्म पोर्तुगीज काळात आलेला आहे. या दोन गोष्टींमुळे त्याच्या संगीताकडे 'पाश्चात्त्य वळणाचे' म्हणून पाहण्याची सवय आपल्याला लागली. वास्तविक या समाजाची लग्नगीते मराठीच्या किनारी बोलींत आहेत आणि त्यांतील नातेसंबंध, विधी व रूपके येथल्याच मातीतील आहेत.

प्रस्तुत निबंधात मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्या पश्चिमेकडील उत्तन, चौक, पाली, डोंगरी, तारोडी या गावांचा परिसर केंद्रस्थानी ठेवून या संगीताचा ऐतिहासिक विचार केला आहे. गोराई व मनोरी ही लगतची गावे मुंबईच्या हद्दीत येतात. परंतु भूगोलाने आणि नात्यागोत्याने ती याच पट्ट्याचा भाग असल्याने त्यांना वगळता येत नाही. या साऱ्या भूभागाला जुन्या कागदपत्रांत धारावी बेट म्हटले जाते. मुंबईतील सुप्रसिद्ध वस्तीशी या नावाची गल्लत होऊ नये. तुलनेसाठी ग्रेट ब्रिटनच्या नैर्ऋत्य टोकावरील कॉर्नवॉल या प्रदेशाच्या संगीताचा आधार घेतला आहे. मासेमारी, चर्चमधील समूहगान, पितळी वाद्यांचे बँड आणि स्वतःच्या वेगळेपणाविषयीची तीव्र जाणीव या चारही बाबतींत कॉर्नवॉल आणि उत्तन यांत साम्य आढळते. फरकही आहे, आणि तोच अधिक उद्बोधक आहे.

नावाचा इतिहास

१५३४ च्या तहाने गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने वसई व तिच्या अंमलाखालील प्रदेश पोर्तुगीजांना दिला आणि साष्टी, वसई, मुंबई या भागांत फ्रान्सिस्कन व जेझुइट धर्मगुरूंच्या कार्याला आरंभ झाला. धर्मांतरित झालेले लोक एका जातीचे नव्हते. कोळी, भंडारी, कुणबी, आगरी, वाडवळ, सामवेदी अशा अनेक समाजांतून ते आले, आणि धर्म बदलला तरी व्यवसाय, वस्ती आणि बेटीव्यवहाराच्या मर्यादा पुष्कळ अंशी तशाच राहिल्या. उत्तनचा ख्रिस्ती कोळी आणि वसईचा सामवेदी ख्रिस्ती यांची बोली, पोशाख आणि गाणी यांत आजही भेद जाणवतो. म्हणून 'ईस्ट इंडियन संगीत' असे एकसंध काही आहे, हे गृहीत धरून चालणे योग्य होणार नाही.

१७३७ मध्ये मराठ्यांनी साष्टी घेतली. धारावीच्या किल्ल्यासाठी पुढील दोन वर्षे झुंज चालली आणि मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. चौक येथे चिमाजी अप्पांचे स्मारक आहे, आणि त्याच गावात ख्रिस्ती मच्छीमारांची जुनी वस्ती आहे. एकाच टेकडीच्या परिसरात हे दोन इतिहास शेजारी नांदतात. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी साष्टी काबीज केली आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती त्यांच्याकडे कायम राहिली.

'ईस्ट इंडियन' हे नाव या सर्व घडामोडींनंतरचे, म्हणजे १८८७ मधील आहे. रेल्वे, गोदी आणि सरकारी कचेऱ्यांतील नोकऱ्यांसाठी गोवा व मंगळूर येथील ख्रिस्ती मोठ्या संख्येने मुंबईत येऊ लागले होते. त्यांची नावे व आडनावे पोर्तुगीज वळणाची. येथील मूळ ख्रिस्ती लोकांचीही तशीच. सरकारदरबारी दोघांत फरक दिसावा, आपण कंपनीच्या काळापासूनचे ब्रिटिश प्रजाजन आहोत हे ठसावे, यासाठी व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशनची स्थापना झाली आणि हे नाव रूढ झाले. नोकरीच्या अर्जावर ते उपयोगी पडले असेल. परंतु हे लोक कोणत्या गावचे, कोणती भाषा बोलणारे, याविषयी ते नाव काहीच सांगत नाही. किंबहुना ते दिशाभूलच करते. या समाजाबाहेरील कितीतरी सुशिक्षित मराठी माणसांना ईस्ट इंडियन म्हणजे अँग्लो-इंडियनांचा एखादा प्रकार वाटतो, हा अनुभव अध्यापकांना नवा नाही.

या संदर्भात जोसेफ बाप्टिस्टा यांचे उदाहरण लक्षणीय आहे. 'काका' या नावाने ओळखले जाणारे बाप्टिस्टा यांचा जन्म १८६४ मध्ये माझगाव येथे झाला. त्यांचे घराणे मूळचे उत्तनचे. लोकमान्य टिळकांचे ते निकटचे सहकारी होते. १९१६ मध्ये स्थापन झालेल्या होमरूल लीगचे ते अध्यक्ष झाले आणि १९२५ मध्ये मुंबईचे महापौर. राजनिष्ठेच्या भाषेत निवडलेले समाजाचे नाव आणि स्वराज्याच्या चळवळीतील त्या समाजाचा नेता, असा हा पेच आहे. नावावरून समाजाची ओळख ठरवणे किती धोक्याचे, याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

ओवी, पुराण आणि १७३६ चा हुकूम

येथील ख्रिस्ती गायनपरंपरेचे मूळ केवळ लॅटिन प्रार्थनांत शोधणे अपुरे ठरेल. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये प्रसिद्ध झाले. ते गोव्यातील साष्टी प्रांतात रचले गेले, ठाण्याच्या साष्टी बेटात नव्हे. विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत ही चूक वारंवार आढळते म्हणून मुद्दाम नमूद केले. स्टीफन्स जन्माने इंग्रज होते. त्यांनी ग्रंथासाठी ओवी हा छंद निवडला, तो श्रोत्यांना म्हणता यावा म्हणून. उत्तर कोकणाच्या दृष्टीने त्याहून जवळचा ग्रंथ म्हणजे फ्रान्सिस्कु वाझ द गिमराइंश यांचे ख्रिस्ताच्या दुःखसहनावरील पुराण. ते १६५९ मध्ये लिस्बन येथे रोमन लिपीत छापले गेले आणि त्याची भाषा वसई-साष्टीकडील मराठी आहे. हे पुराण उपवासकाळात म्हणण्याची प्रथा पुढे दीर्घकाळ टिकली आणि एकोणिसाव्या शतकात मुंबईत त्याचे पुनर्मुद्रणही झाले. मराठीच्या किनारी बोलीचा इतका जुना छापील पुरावा दुर्मीळ आहे. तरीही मराठी वाङ्मयेतिहासाच्या आपल्या अभ्यासक्रमांत स्टीफन्सला परिच्छेद मिळतो आणि गिमराइंशचा नामोल्लेखही होत नाही.

पुराण हे चर्चच्या मान्यतेने झालेले गायन. स्त्रियांच्या लग्नगीतांचा प्रश्न वेगळा होता. गोव्याच्या धर्मन्यायपीठाने १७३६ मध्ये काढलेल्या हुकमात नवख्रिस्ती लोकांच्या अनेक रूढींवर बंदी घातली. लग्नप्रसंगी देशी वाद्ये वाजवू नयेत, नात्यातील स्त्रियांनी ओव्या गाऊ नयेत, अशी कलमे त्यात होती. अ. का. प्रियोळकर यांनी गोव्याच्या धर्मन्यायपीठावरील आपल्या ग्रंथात या हुकमाचा तपशील दिला आहे. या बंदीचा अर्थ इतिहासकाराच्या दृष्टीने उलट बाजूने वाचला पाहिजे. दोनशे वर्षांच्या धर्मप्रसारानंतरही स्त्रिया ओव्या गातच होत्या, म्हणून तर हुकूम काढावा लागला.

येथे कालगणनेकडे लक्ष वेधावेसे वाटते. हुकूम १७३६ चा. त्याच्या पुढच्याच वर्षी साष्टीवरील पोर्तुगीज सत्ता संपली आणि तीन वर्षांत वसईही गेली. असा हुकूम उत्तर कोकणात कठोरपणे राबवायला सत्तेला वेळच उरला नाही. वसईच्या पाडावानंतर युरोपीय धर्मगुरू बहुतांशी निघून गेले आणि हा समाज स्थानिक धर्मगुरूंच्या आधाराने राहिला. उत्तर कोकणातील लग्नविधींत आणि गीतांत ख्रिस्तपूर्व अंश इतक्या ठळकपणे का टिकले, याचे एक कारण या राजकीय घटनाक्रमात असावे, असा प्रस्तुत लेखकाचा तर्क आहे. त्याला एक मर्यादा घातली पाहिजे. गोव्यात पोर्तुगीज सत्ता १९६१ पर्यंत राहिली, तरीही तेथील ख्रिस्ती लग्नांतील ओव्या पूर्णपणे नाहीशा झाल्या नाहीत. बंदीपेक्षा बायकांची स्मरणशक्ती बळकट ठरली, असेच दोन्हीकडे म्हणावे लागते. तथापि उत्तनकडे ती गीते लपवावी लागली नाहीत. ती उघड रस्त्यावर, वाजतगाजत राहिली.

उंबराचे पाणी

ईस्ट इंडियन लग्नाचे संगीत समजून घ्यायचे तर 'उंबराचे पाणी' या विधीकडे वळावे लागते. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी वधूच्या किंवा वराच्या घरून मिरवणूक निघते आणि गावच्या विहिरीवर जाते. पुढे बँड, मागे लुगडी नेसलेल्या बायका, हातात कळशा. विहिरीतून पाणी काढले जाते आणि त्याच पाण्याने नवरा-नवरीला न्हाऊ घातले जाते. उंबर हा वृक्ष दत्तसंप्रदायामुळे आपल्याला परिचित आहे. त्याच्या सान्निध्यात पाणी असते ही लोकसमजूत तर संप्रदायाहूनही जुनी म्हणावी लागेल. ख्रिस्ती लग्नविधीच्या आदल्या दिवशी उंबराचे नाव घेतले जाते आणि दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये विवाहसंस्कार होतो, यात या समाजाला कधी विसंगती वाटलेली नाही. विसंगती दिसते ती बाहेरून पाहणाऱ्याला.

मांडव घालणे, तांदूळ-मसाला कुटणे, पापड-गोडधोड करणे, वधूला चुडा भरणे, न्हाऊ घालणे या प्रत्येक कामाला गाणी आहेत. ती बायकांनी बायकांसाठी गायलेली आहेत. एक जुनी जाणती स्त्री ओळ उचलते आणि बाकीच्या ती झेलतात. ओळ लहान, चाल आवाक्यातली, पुनरावृत्ती भरपूर. आणि नावाच्या जागी त्या-त्या घरातल्या माणसाचे नाव. मामा, आत्या, करवली, व्याही, विहीण या साऱ्यांना गाण्यात ओढले जाते. कुणाचे कौतुक होते, कुणाची खोडी काढली जाते. गाण्याचा एक भाग पाठ असतो आणि एक भाग त्या क्षणी रचला जातो. म्हणूनच हे गीत कागदावर उतरवले की अर्धे हरवते. लोकगीतांचे संकलन करणाऱ्या आपल्यासारख्यांनी ही मर्यादा प्रामाणिकपणे मान्य करायला हवी.

या गीतांचे शेजारही पाहिले पाहिजेत. उत्तनहून भाईंदरकडे येताना लागणारी राई, मुर्धे, मोर्वे ही आगरी वस्तीची गावे. खाजण, मिठागरे आणि भातशेती हे त्यांचे जुने जीवन. आगरी लग्नांत धवलारीण नावाची गायिका असते आणि तिच्या धवल्यांवाचून लग्न लागत नाही, अशी पूर्वापार समजूत आहे. धवळे हा शब्द मराठी वाङ्मयाच्या विद्यार्थ्याला तेराव्या शतकातील महदंबेच्या धवळ्यांवरून ठाऊक असतो. तेथेही प्रसंग विवाहाचाच, रुक्मिणीस्वयंवराचा. महानुभाव कवयित्री, आगरी धवलारीण आणि ख्रिस्ती कोळीण या तिघींच्या धर्मकल्पना अगदी वेगळ्या आहेत. पण लग्न हे बायकांच्या गाण्याने 'लागते' ही धारणा तिघींत समान आहे. एका परंपरेने दुसरीकडून काय घेतले, हे सिद्ध करता येणार नाही, आणि तसा अट्टहास धरू नये. एवढे खरे की, ईस्ट इंडियन लग्नगीत वाचायचे तर त्याच्या बाजूला धवले ठेवून वाचावे, लॅटिन स्तोत्रे ठेवून नव्हे.

घुमट आणि बँड

वाद्यांच्या बाबतीत चित्र अधिक गुंतागुंतीचे आहे. घुमट हे दोन्ही बाजूंना तोंड असलेले मातीचे भांडे. मोठ्या तोंडावर कातडे ताणलेले, लहान तोंड मोकळे ठेवून त्यावर हाताने नाद कमीजास्त करता येतो. गोव्यात हे वाद्य गणेशोत्सवातील आरतीतही वाजते आणि ख्रिस्ती मांड्यातही. साष्टी-वसईच्या ईस्ट इंडियन गाण्यांतही त्याला स्थान आहे. पूर्वी त्यासाठी घोरपडीचे कातडे वापरीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ते निषिद्ध ठरले आणि बकऱ्याच्या कातड्याकडे वळावे लागले. जाणकारांच्या मते नाद बदलला. २०१९ मध्ये गोवा सरकारने घुमटाला वारसा वाद्याचा दर्जा दिला. सीमेच्या अलीकडे, महाराष्ट्रात, त्याच वाद्याकडे मात्र कुणाचे लक्ष गेले नाही.

घुमट घरात आणि मांडवात. रस्त्यावर मात्र राज्य बँडचे. ट्रम्पेट, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, मोठा ढोल आणि ताशाच्या जातीचा छोटा ड्रम असा हा ताफा. त्याचे मूळ लष्करी व पोलिसी बँडमध्ये आहे. स्वरलिपी वाचण्याचे शिक्षण चर्चच्या शाळांतून मिळत असल्याने मुंबई इलाख्यातील ख्रिस्ती वादक या क्षेत्रात सहज शिरले. भारतातील लग्नाच्या बँडवर ग्रेगरी बूथ यांचे 'ब्रास बाजा' हे पुस्तक २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. वसाहतकाळातील लष्करी वाद्यवृंद लग्नाच्या वरातीत कसा मुरला, याचे त्यातील विवेचन येथेही लागू पडते. फरक इतकाच की, इतरत्र बँडवाला हा बाहेरून बोलावलेला व्यावसायिक असतो. ईस्ट इंडियन गावात तो बहुधा नात्यातला किंवा ओळखीतला असतो, आणि त्याला गावची गाणी ठाऊक असतात. बायकांनी मांडवात म्हटलेली ओळ तो विहिरीच्या वाटेवर ट्रम्पेटवर उचलतो. परदेशी वाद्य देशी झाले ते या क्षणी. वाद्याच्या जन्मस्थानावरून संगीताचे देशीपण ठरवणाऱ्यांनी महाराष्ट्राच्या संगीत नाटकातील ऑर्गन आणि कीर्तनातील हार्मोनियम यांचेही स्मरण ठेवावे.

कॉर्नवॉलशी तुलना

हा मुद्दा कॉर्नवॉलच्या इतिहासावरून अधिक स्पष्ट होतो. कॉर्नवॉलची स्वतःची केल्टिक भाषा होती, वेल्श आणि ब्रेटन यांची सख्खी बहीण. अठराव्या शतकाच्या अखेरीस ती व्यवहारातून गेली. १७७७ मध्ये मरण पावलेली डॉली पेंट्रेथ ही मासेविक्रेती तिची शेवटची जन्मजात भाषक म्हणून सांगितली जाते. भाषा गेल्यावर वेगळेपणाची जाणीव वाहण्याचे काम मोठ्या प्रमाणावर संगीताकडे आले. परंतु ते संगीत कोणते? मेथडिस्ट प्रार्थनामंदिरांतील समूहगान, कथील-तांब्याच्या खाणींच्या गावांतील पितळी बँड, पुरुषांची गायकवृंद मंडळे आणि नाताळची गीते. आणि हे सारे इंग्रजी भाषेत. इलोगन गावचा खाणकामगार टॉमस मेरिट (१८६३-१९०८) याने रचलेली नाताळगीते कॉर्निश लोकांनी देशोदेशी नेली. खाणी बंद पडू लागल्यावर हे लोक कॅलिफोर्निया व दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या खाणींत गेले. काही आपल्या कर्नाटकातील कोलारच्या सोन्याच्या खाणीतही आले. जेथे गेले तेथे गायकवृंद आणि बँड उभे राहिले.

विसाव्या शतकात भाषेचे पुनरुज्जीवन सुरू झाले. हेन्री जेनर यांचे कॉर्निश भाषेवरील पुस्तक १९०४ चे. कवी-विद्वानांची गोर्सेथ ही सभा १९२८ मध्ये स्थापन झाली. इंग्लिस गंड्री यांनी लोकगीतांचा संग्रह १९६६ मध्ये प्रसिद्ध केला आणि जुन्या चालींवर कॉर्निश शब्द बसवले गेले. १९७८ पासून 'लोवेंडर पेरन' या उत्सवात केल्टिक संगीत-नृत्याचा मेळा भरू लागला. २०१४ मध्ये ब्रिटिश सरकारने कॉर्निश लोकांना राष्ट्रीय अल्पसंख्याकांचा दर्जा दिला. तेथील काही केल्टिकवाद्यांना बँड आणि मेथडिस्ट गाणी 'खरी' कॉर्निश वाटत नाहीत. सामान्य माणसाला मात्र तीच आपली वाटतात. हा वाद आपल्याला अनोळखी नाही.

कॉर्नवॉल आणि उत्तन यांतील मूलभूत फरक येथे दिसतो. कॉर्निश माणसाचे नाव त्याच्या भूमीचे आहे, पण त्याने गायलेले गाणे दुसऱ्याच्या भाषेत आहे. ईस्ट इंडियन माणसाचे नाव दुसऱ्याच्या भाषेतले आहे, पण गाणे त्याच्या भूमीच्या भाषेत आहे. कॉर्नवॉलमध्ये संगीताने हरवलेल्या भाषेची उणीव भरून काढण्याचा प्रयत्न केला. उत्तनमध्ये संगीताने नावातील उणीव भरून काढली. १८८७ च्या नावाने जे सांगितले नाही, ते, म्हणजे आम्ही याच किनाऱ्याचे, हीच बोली बोलणारे, हे लग्नातले गाणे दर वेळी सांगत आले.

या तुलनेतून आणखी एक गोष्ट निष्पन्न होते. पॅडस्टो या कॉर्निश बंदरात दर वर्षी १ मे रोजी काळ्या वस्त्राच्या घोड्याचे सोंग रस्त्यांतून नाचवतात. त्याचे गाणे आणि ढोल त्या दिवसाशी व त्या गल्ल्यांशी जखडलेले आहेत. गावाबाहेरच्या रंगमंचावर ते सादर होऊ शकते, पण त्याचा प्राण त्या दिवसात आहे. उंबराच्या पाण्याचेही तसेच आहे. या संगीताचे अस्तित्व चालीवर किंवा वाद्यावर जितके अवलंबून आहे, त्याहून अधिक प्रसंगावर आणि जागेवर आहे.

आजची स्थिती

आणि आज संकट आहे ते नेमके जागेवर. मीरा-भाईंदरला १९८५ मध्ये नगरपरिषद मिळाली आणि २००२ मध्ये महानगरपालिका झाली. १९९१ मध्ये सुमारे पावणेदोन लाख असलेली लोकसंख्या २००१ मध्ये पाच लाखांच्या पुढे गेली आणि २०११ च्या जनगणनेत ती ८,०९,३७८ होती. ही वाढ मुख्यतः रेल्वेमार्गाच्या दोन्ही बाजूंना झाली. पश्चिमेचा किनारपट्टा तुलनेने उशिरा तिच्या कवेत आला. त्यामुळे उत्तन-डोंगरीकडे गावठाण, विहीर, चर्चचे आवार आणि मासे सुकवण्याची मोकळी जागा यांचे जुने संबंध अजून बरेचसे शाबूत आहेत. मुंबई शहरातील ख्रिस्ती वाड्यांची गोष्ट वेगळी. तेथे विहिरींचा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीच उभा राहिला होता. १९११ च्या मलेरियाविषयक अहवालात बेंटली यांनी डासांच्या पैदाशीचे खापर विहिरींवर फोडले आणि शहरातील विहिरी झाकण्याची वा बुजवण्याची मोहीम निघाली. पारशी व इतर समाजांनी धार्मिक कारणास्तव विरोध केला. आरोग्याचा हेतू रास्त होता, याबद्दल वाद नाही. पण विहीर ही केवळ पाण्याची सोय नसते, हे आरोग्यखात्याच्या हिशेबात बसणारे नव्हते. पुढे नळ आले आणि उरलेल्या विहिरी जागेच्या भावापुढे टिकल्या नाहीत. जेथे विहीर उरली नाही तेथे पिंप भरून ठेवून त्यातून पाणी काढण्याचा तोडगा निघतो. विधी होतो, परंतु घरापासून विहिरीपर्यंतची वाट, जिच्यावर बँड आणि बायकांची गाणी एकमेकांना प्रत्युत्तर देत चालत, ती वाट नाहीशी होते. दहा पावलांच्या मिरवणुकीला किती गाणी लागणार?

दुसरा बदल ध्वनिमुद्रणाने घडवला. शांता शेळके यांनी लिहिलेली, हृदयनाथ मंगेशकरांनी संगीत दिलेली आणि लता मंगेशकर व हेमंतकुमार यांनी गायलेली कोळीगीते घरोघरी पोहोचली. पुढे कॅसेटच्या काळात वेसाव्याच्या मंडळींनी कोळीगीताला महाराष्ट्रभर बाजारपेठ मिळवून दिली. या गीतांची गोडी कोण नाकारील? परंतु त्यांनी कोळ्याची एक ठरावीक प्रतिमा रुजवली: होडी, जाळे, टोपी, नाचरा ठेका. त्या प्रतिमेत ख्रिस्ती कोळी मावला नाही. शाळा-महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांत कोळीनृत्य हमखास असते, त्यात उत्तनची मुलेमुलीही हौसेने भाग घेतात, आणि त्यांच्या आजीची गाणी त्या रंगमंचावर कधी येत नाहीत. याबाबत आपण अध्यापक मंडळी निर्दोष नाही.

चर्चच्या आत मात्र वेगळी दिशा दिसते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये उपासनेत लोकभाषा आणि स्थानिक संगीत यांना दार उघडले, आणि लॅटिनच्या जागी मराठी उपासना व मराठी गायन आले. या मराठी गायनाचे वळण प्रमाण भाषेचे आणि बऱ्याच अंशी भजनाचे आहे, ना. वा. टिळकांसारख्या देशावरच्या कीर्तनपरंपरेत मुरलेल्या प्रोटेस्टंट कवीचा वारसाही त्यामागे आहे. म्हणजे ज्या घरात लग्नाला किनारी बोली गायली जाते, त्या घरात रविवारी प्रमाण मराठी गायली जाते, आणि मुलांची शाळा इंग्रजी माध्यमाची असते. तीन भाषांची ही उतरंड आहे आणि बोली तिच्या तळाशी आहे. ग्रियर्सन यांच्या भाषासर्वेक्षणात, १९०५ च्या मराठीविषयक खंडात, उत्तर कोकणच्या बोलींचे नमुने आहेत; गणेश देवी यांच्या पुढाकाराने झालेल्या लोकसर्वेक्षणाच्या महाराष्ट्र खंडातही, २०१३ मध्ये, वाडवळी व सामवेदी बोलींची दखल घेतली गेली. वसईकडे बोलीविषयी लेखकांची व धर्मगुरूंची एक जागरूक पिढी उभी राहिली. उस्मानाबाद येथील २०२० च्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांना मिळाले. खाडीच्या अलीकडे, उत्तन-धारावी पट्ट्यात, अशी लेखनपरंपरा त्या मानाने क्षीण राहिली. येथे परंपरा आहे ती गाण्याची.

म्हणून या परिसरातील महाविद्यालयांपुढे एक काम आहे आणि ते फार मोठ्या खर्चाचे नाही. आपल्या वर्गांत उत्तन, पाली, डोंगरी, गोराईची मुले बसतात. इतिहासाच्या व मराठीच्या पदवी अभ्यासक्रमातील प्रकल्पासाठी ती ग्रंथालयातील दोन पुस्तकांतून मजकूर उतरवून आणतात. त्याऐवजी घरातील वृद्ध स्त्रीने गायलेली लग्नगीते, तिच्याच उच्चारांत, ध्वनिमुद्रित करून आणायला सांगता येतील. गीताबरोबर ते कोणत्या कामाच्या वेळी, कोणत्या जागी, कोणी उचलून कोणी झेलायचे, याची नोंद हवी. गावच्या विहिरींची यादी हवी, बुजलेल्या विहिरींसह. बँडमधील ज्येष्ठ वादकांकडे चालींच्या हाताने लिहिलेल्या वह्या असतील, त्यांची छायाचित्रे घ्यावीत. शेजारच्या राई-मुर्ध्याच्या मुलांनी त्याच वेळी धवले गोळा करावेत, म्हणजे दोन्ही बाजूबाजूला ठेवून वाचता येतील. गाणाऱ्या पिढीतील बहुतेक स्त्रिया आता वार्धक्याकडे झुकल्या आहेत. लग्नसराई साधारणपणे नाताळनंतर सुरू होते आणि उपवासकाळ लागेपर्यंत चालते. महाविद्यालयाचे दुसरे सत्र नेमके त्याच काळात असते.